गाव नमुना १४ मधलं १९१८ चं पान आणि देशाची लोकसंख्या

बोरीकाठ | रविवार, रात्री ९:४०

पोरीच्या जातीच्या दाखल्याला जुनी नोंद लागते म्हणून दोन महिने रेकॉर्ड रूमच्या चकरा चालल्या आहेत. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठावर. मला पाहिजे होती पणजोबांची नोंद. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची बाडं, अर्धी मोडीत आणि अर्धी बाळबोध. मोडी वाचणारे एक काका सोबत नेले होते. ते वाचत होते, मी फोटो काढत होतो.

१९१८ चा ऑक्टोबर आला आणि काका थांबले. तोपर्यंत एका महिन्याची मयतं चार-पाच ओळींत संपत होती. इथं पान उलटलं तरी ऑक्टोबरच, पुन्हा उलटलं तरी ऑक्टोबरच. मरणाचं कारण लिहायच्या रकान्यात 'ताप'. खाली 'ताप'. त्याच्याखाली 'सदर', 'सदर', 'सदर'. लिहिणाऱ्याचा हातच थकला असावा. पुढं दोन पानांनी अक्षर बदलतं. आधीच्या लिहिणाऱ्याचं काय झालं ते बाडात नाही.

आमच्या घरातली तीन नावं त्यात निघाली, नऊ दिवसांच्या आत. पणजोबांचा थोरला भाऊ, वय २७. त्याची बायको. आणि त्यांची चार महिन्यांची पोर, तिच्यापुढं नाव नाही, नुसतं 'मुलगी'.

आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची: "मानमोडी उनी तवय एकले पोचाडीसन येत नही तोच घरमा दुसरं पडेल राहे. गावमा दिवा लावाले मानूस नही राह्यना व्हता." लहानपणी वाटायचं म्हातारी वाढवून सांगते. पान पाहिल्यावर कळलं, तिनं कमीच सांगितलं होतं.

घरी आल्यावर झोप लागेना. देशात तेव्हा माणसं होती तरी किती आणि आज इतकी कशी झाली, हे शोधत बसलो. १८८१ च्या जनगणनेत २५.४ कोटी. १९०१ ला २३.८४ कोटी. म्हणजे वीस वर्षांत दीड कोटी माणसं कमी झाली? आज आपण १४० कोटींच्या पुढं. या सगळ्याचा उलगडा करणारं कोणी इथं असेल तर लिहा. आणि तुमच्या घरात अशा काही आठवणी असतील तर त्याही.

आकडेमोड | रविवार, रात्री १०:२५

बोरीकाठभाऊ, पान वाचून अंगावर काटा आला. पण आधी एक दुरुस्ती, नाहीतर पुढची चर्चा चुकीच्या पायावर उभी राहील.

१८८१ चे २५.४ कोटी हे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानचे, संस्थानं धरून. त्यात आजचा पाकिस्तान आला, बांगलादेश आला, ब्रह्मदेशाचा इंग्रजांकडचा भागही आला. १९०१ चे २३.८४ कोटी मात्र आजच्या भारताच्या हद्दीपुरते मागाहून काढलेले आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की माणसं हरवल्यासारखी वाटतात. ती हरवली नाहीत, सीमा हलल्या.

आजच्या हद्दीचे आकडे एका ओळीत देतो. १९०१: २३.८४ कोटी. १९११: २५.२१. १९२१: २५.१३. १९३१: २७.९. १९४१: ३१.८७. १९५१: ३६.११. १९६१: ४३.९२. १९७१: ५४.८२. १९८१: ६८.३३. १९९१: ८४.६४. २००१: १०२.८७. २०११: १२१.०९.

यात १९२१ वर बोट ठेवा. दहा वर्षांत वाढ तर सोडाच, आकडा खाली आला. १९०१ पासूनच्या या सगळ्या आकड्यांत असं एकदाच घडलं. तुम्हाला त्या बाडात जे पान सापडलं, ते हेच. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा, १९१८ च्या उन्हाळ्याअखेर जहाजातून मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी आली ती घरंच्या घरं घेऊन गेली. देशभरात किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. जगात कुठल्याही देशात इतकी माणसं त्या साथीत गेली नाहीत. वर त्याच साली पाऊसही गेला होता, पोटात अन्न नाही आणि अंगात ताप.

आणखी एक. ही साथ म्हातारे-पोरं सोडून वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त धरायची. बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. २७ वर्षांचा भाऊ आणि त्याची बायको, हे त्या साथीचंच चित्र आहे.

लोकसंख्येचा अभ्यास करणारे १९२१ ला भारताच्या इतिहासातली मोठी दुभागणी मानतात. त्याआधी आकडा चढायचा, पडायचा. त्यानंतर तो फक्त चढला.

बोरीकाठ | रविवार, रात्री १०:५०

दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. सीमांचं डोक्यातच आलं नाही. वरचा मजकूर तसाच ठेवतो, म्हणजे दुसरं कोणी चुकणार नाही.

खापराची_पुरी | सोमवार, सकाळी ७:१५

वाचतेय. वाचनखूण साठवली. त्या 'मुलगी' शब्दापाशी बराच वेळ थांबले.

शिरपूरचे_मास्तर | सोमवार, सकाळी ११:३०

पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा थोडं मागं जाऊन लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली जनगणना १८७२ ची, ती देखील सगळीकडे एका वेळी नव्हती. १७ फेब्रुवारी १८८१ ला पहिल्यांदा देशभर एकाच दिवशी मोजणी झाली. त्याच्या आधीचं सगळं अंदाजावर. अकबराच्या काळचा, म्हणजे १६०० च्या सुमाराचा अंदाज मोरलँड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं केला. उत्तरेत लागवडीखालची जमीन किती, ती कसायला माणसं किती लागतील, असा हिशोब. दक्षिणेत जमिनीचे आकडे नाहीत, तर राजांच्या फौजा किती होत्या त्यावरून. त्याचं उत्तर आलं १० कोटी. पुढं किंग्स्ली डेव्हिस या लोकसंख्या-अभ्यासकानं ते वाढवून साडेबारा कोटी केलं. इतिहासकार शिरीन मूसवींनी आईन-ए-अकबरीतले जमीन आणि साऱ्याचे आकडे बारकाईनं तपासले, त्यांचं उत्तर साडेचौदा कोटींच्या आसपास. मला शेवटचं जास्त पटतं, कारण ते फौजेवर नाही, शेतावर बेतलेलं आहे.

आता हिशोब बघा. साडेचौदा कोटी धरले आणि १८७१ च्या सुमाराला साडेपंचवीस कोटी, तर पावणेतीनशे वर्षांत वाढ पावणेदोन पट. वर्षाला हजार माणसांमागे दोन माणसांची भर. १९६१ ते ७१ या दहा वर्षांत हीच भर हजारामागे बावीस होती.

मग ती पावणेतीनशे वर्षं पोरं होत नव्हती का? होत होती, घरटी सात-आठ. पण टिकत नव्हती. आणि अधूनमधून दुष्काळ येऊन तीन पिढ्यांची वाढ दोन वर्षांत खाऊन टाकायचा. आपला खानदेश हेच सांगतो.

१६३० ला पाऊस गेला. शहाजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात मुक्काम ठोकून होता. जून १६३१ मध्ये मुमताज तिथंच बाळंतपणात वारली. (राजाची राणी, वैद्य-हकीम हाताशी, तरी चौदाव्या बाळंतपणात गेली. सामान्य बाईची काय कथा.) पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून आग्ऱ्याला निघाला होता. नंदुरबारात तंबू ठोकायला जागा सापडेना इतकी प्रेतं पडली होती, असं त्यानं लिहून ठेवलंय. बादशहानं बुऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबादला लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम दिला. त्यानं कितीसं भागणार होतं.

आणि त्याच्या आधीचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ पासूनचा. लोक आजही ते नाव घेतात.

दुसरा घाव १८०२ ते १८०४ चा. आधी यशवंतराव होळकरांच्या फौजेनं मुलूख लुटला, लगेच १८०३-०४ चा दुष्काळ, पुढं पेंढारी. १८१८ ला इंग्रजांनी खानदेश घेतला. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात इथल्या स्थितीचं वर्णन केलंय: बराचसा मुलूख झाडीनं भरलेला, त्यात वाघ, आणि झाडीत जागोजाग गावांचे अवशेष. तुमच्या महसुली नकाशात 'बेचिराख' असा शेरा असलेली गावं अजून सापडतील. माझ्या सासुरवाडीच्या शिवारात एक आहे. पांढरीची माती, फुटकी खापरं, मारुतीची एक झिजलेली मूर्ती. तिथं कोण राहत होतं ते सांगायलाही कोणी उरलं नाही.

जिभाऊ_धुळे | सोमवार, दुपारी १:०५

गुरुजी, बेचिराख गावं आमच्याकडेही. पण मग एवढ्या ओसाड मुलखात माणसं आली कुठून?

शिरपूरचे_मास्तर | सोमवार, दुपारी ४:२०

बाहेरून आली, जिभाऊ. रिकामी काळी जमीन आणि कमी सारा, या दोन गोष्टी माणसाला खेचतात. काही आधीच आलेली होती. लेवा पाटीदार, गुजर यांच्या परंपरेत गुजरातेतून आल्याची हकीकत आहे, भाटांच्या वह्या ते सांगतात. मग १८६० च्या दशकात रेल्वे आली, भुसावळ वसलं. त्याच वेळी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव त्या कापसावर मोठं झालं. खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ ला सुमारे १०.३ लाख होती, १८८१ ला १२.३७ लाख. मधे १८७६-७८ चा मोठा दुष्काळ दख्खनला पोळून गेला, तरी ही वाढ.

मग लगेच दुसरी बाजू. १९०१ ला १४.२७ लाख, म्हणजे १८९१ पेक्षा काकणभर कमीच. कारण १८९६ चा दुष्काळ, प्लेग, आणि १८९९-१९०० चा छपन्या. संवत १९५६ म्हणून छपन्या. त्यात गुरंसुद्धा राहिली नाहीत, पुढच्या वर्षी पाऊस आला तर नांगर ओढायला बैल नव्हते.

मोजणीवरून आठवलं. १८५२ ला इंग्रजांनी जमीन मोजायला घेतली तेव्हा एरंडोल, सावदा, फैजपूरला लोक उठले होते. सरकार मोजायला आलं की काहीतरी काढून नेणार, हा त्यांचा अनुभव होता. माणसांची मोजणी सुरू झाली तेव्हाही गावोगाव तीच भीती असणार.

आकडेमोड | सोमवार, संध्याकाळी ६:१०

मास्तरांना पूरक. १९०१ चा खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला, तेच पुढं जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. २०११ ला जळगाव ४२.३० लाख, धुळे २०.५१ लाख, नंदुरबार १६.४८ लाख. बेरीज ७९.२९ लाख. १४.२७ वरून ७९.२९, म्हणजे साडेपाच पट. देश त्याच काळात पाच पटीनं वाढला. हद्दी थोड्याफार इकडेतिकडे झाल्यात, पण चित्र साधारण खरं. (मालेगाव, बागलाण १८६९ लाच नाशिककडे गेले होते, त्यामुळे ते दोन्ही आकड्यांत नाहीत.)

खापराची_पुरी | सोमवार, रात्री ९:००

मास्तरांनी "टिकत नव्हती" लिहिलं त्यावर सांगायचंय.

आपल्याकडच्या जुन्या नावांकडे कधी बघितलंय का? दगडू, धोंडू, भिका, उखा, फकिरा, कचरू, धुडकू. मी लहानपणी आईला विचारलं होतं, पोराचं नाव कोणी कचरा ठेवतं का? ती म्हणाली, आधीची दोन-तीन गेली की ठेवतात. चांगलं नाव ठेवलं की दृष्ट लागते, देव नेतो. म्हणून जन्मलेलं पोर उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं, नाहीतर शेजारणीच्या ओटीत टाकून पसाभर दाण्यांना 'विकत' घ्यायचं. म्हणजे ते आपलं नाही, भिकेत मिळालेलं. भिका. दगडासारखा टिको म्हणून दगडू.

१९११ ते २१ या काळात सरासरी आयुर्मान विशीच्या घरात होतं. म्हणजे सगळे विशीत मरत असा अर्थ नाही, इतकी लेकरं पाळण्यात जात की सरासरी विशीत यायची. १९५१ ला ते बत्तीस. आता सत्तर. माझ्या माहेरच्या गावात आज शाळेत एकही दगडू नाही, एकही भिका नाही. ती नावं का गेली असं विचारलं तर सगळे म्हणतात फॅशन बदलली. मला वाटतं भीती गेली.

मरीआईचं ठाणं मात्र गावाबाहेर अजून आहे. आजीच्या काळी पटकी आली की तिचा गाडा गावशिवेबाहेर नेऊन सोडायचे. आता तिथं वर्षातून एकदा नैवेद्य. नव्या सुनांना मरीआई कशाची देवी ते ठाऊक नसतं.

सुरतवासी | सोमवार, रात्री १०:३०

मी उधन्यात राहतो, मूळ पारोळा. मास्तर म्हणतात माणसं खानदेशात आली. आमच्या पिढीनं उलटी वाट धरली. १९०० च्या सुमाराला तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून अमळनेर-जळगावपर्यंत जोडली गेली, तेव्हा कापूस तिच्यातून जायचा. पुढं माणसं जायला लागली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथं फिरा, भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत अहिराणी ऐकू येईल. शेत दोन भावांत आठ एकर होतं, आमच्यात चार भावांत तेच आठ एकर. आजोबांचे पाच भाऊ होते, जगले दोघं, म्हणून वाटण्या कमी. आम्ही चौघंही जगलो. त्यात वाईट काय म्हणू? पण एकाला लूमवर यावंच लागलं, तो मी.

देशाच्या आकड्यात खानदेश वाढला किती ते दिसतं. खानदेशाबाहेर किती खानदेश आहे ते मात्र जळगाव-धुळ्याच्या आकड्यात दिसत नाही.

रोखठोक_चाळीसगाव | मंगळवार, सकाळी ८:४५

सगळं ठीक आहे, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. १४० कोटी! पाणी नाही, नोकऱ्या नाहीत, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं की आपण चीनला मागं टाकलं. सक्तीचा कायदा केल्याशिवाय हे थांबणार नाही. लोक ऐकत नाहीत हो.

गुरुजींचा_मुलगा | मंगळवार, सकाळी १०:१०

भाऊ, सक्ती झालेली आहे. माझ्या घरात झालेली आहे.

वडील झेडपीच्या शाळेत शिक्षक. १९७६. प्रत्येक शिक्षकाला नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट. केस नाही तर पगार नाही. वडिलांचा तीन महिने पगार थांबला, आईनं पाटल्या मोडल्या. शेवटी ते एका सालदाराला घेऊन गेले. त्याला एकच मुलगा होता. वडिलांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं नव्हतं, हे त्यांनी मला मरणाआधी दोन वर्षं सांगितलं. पुढं त्या सालदाराचा मुलगा विहिरीत बुडून गेला. वडील निवृत्तीनंतरही दर दिवाळीला त्याच्या घरी धान्य पोचवायचे. मला वाटायचं जुनी ओळख असेल.

त्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. आणि परिणाम? लोक इतके बिथरले की पुढची कित्येक वर्षं पुरुष नसबंदीचं नावही कोणी काढेना. सगळा भार बायकांवर पडला, तो आजतागायत बायकांवरच आहे.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ११:४०

रोखठोकभाऊ, तुमची काळजी खोटी नाही, पण ती तीस वर्षं जुन्या चित्रावर बेतलेली आहे.

एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, हा आकडा १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३.४ होता. २०१९-२१ च्या पाहणीत २.०. महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या आहे तिथं टिकायला साधारण २.१ लागतो. म्हणजे आपण त्याच्या खाली आलोय, आणि देशभर सक्तीचा कायदा न करता. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या उमेदवारीला दोन अपत्यांची अट आहे, पण ज्या राज्यांत तशी अट नाही तिथंही आकडा खाली आलाय.

मग एकूण आकडा अजून वाढतो का? कारण ऐंशी-नव्वदच्या दशकात जन्मलेली मोठी पिढी आता आईबाप झाली आहे. प्रत्येक घरात दोनच, पण घरंच जास्त. धरणाचे दरवाजे बंद केले तरी पाटात आलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत वाहतंच, तसं. तरी २००१ ते २०११ मध्ये वाढ १८.२ कोटींच्या आसपास, आधीच्या दशकापेक्षा किंचित कमी. १९२१ नंतर भर कमी पडलेलं हे पहिलं दशक.

फरक इतकाच की १९२१ ला मरणानं कमी झाली, आता जन्म कमी झालेत. आणि जन्म कमी का झाले? झालेलं पोर जगणार याची खात्री पटल्यावर. १९५३ पासून मलेरियावर फवारणी, देवीची लस (१९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण नाही), १९८५ पासून सगळ्या बालकांना लसीकरण. १९७२ चा दुष्काळ आठवा. पाऊस छपन्यासारखाच गेला होता, पण लोक रोजगार हमीवर खडी फोडत होते, मिलो आणि सुकडी खात होते. हाल झाले, गावंच्या गावं मेली नाहीत. आधी मरण कमी होतं, मग एक-दोन पिढ्यांनी जन्म कमी होतात. मधल्या वर्षांत आकडा फुगतो. ती मधली वर्षं म्हणजे आपण सगळे.

रोखठोक_चाळीसगाव | मंगळवार, दुपारी १२:२०

गुरुजींच्या मुलाचं वाचून गप्प झालो. आकडेही पटले. २.० पर्यंत आलोय हे खरंच माहीत नव्हतं. गाडीत जागा नाही हे मात्र अजून खरं आहे.

सातपुड्याची_लेक | मंगळवार, रात्री ८:३०

मी नंदुरबारच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात आशाताई म्हणून काम करते. दिवसभर पाड्यांवर होते, आता नेटवर्क मिळालं.

आकडेमोडदादा, तुमचं चित्र सपाटीवरचं आहे. डोंगरात ते अजून पूर्ण उतरलेलं नाही. नंदुरबार जिल्ह्यात जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी. धडगाव, अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवर रस्ता नाही, बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणतो. नर्मदेच्या बुडिताकाठी बोटीतला दवाखाना आहे, पाणी आणि डिझेल जुळलं तर तो येतो. ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेलं कुटुंब चार महिन्यांनी परतलं की माझ्या वहीतलं एखादं नाव कमी झालेलं असतं. कुठं, कशानं, विचारलं तर सांगतात, "ताप होता."

बोरीकाठदादांच्या पानावर ताप वाचला तेव्हा मला १९१८ वाटलंच नाही. माझ्या वहीत तो शब्द आहे.

पण हेही सांगते. सहा वर्षांपूर्वी माझ्या पाड्यावर घरी होणारी बाळंतपणं जास्त होती, आता दवाखान्यातली जास्त आहेत. ज्या आयांची सगळी लेकरं जगली त्या स्वतःहून विचारायला येतात, आता थांबायचं कसं? एक लेकरू गेलेली आई कधीच विचारत नाही.

जळगावची_अक्का | मंगळवार, रात्री ११:१५

एक आकडा कोणी लिहिला नाही. जळगाव जिल्हा, २०११, शून्य ते सहा वयाची मुलं. हजार मुलग्यांमागे मुली ८४२. २००१ ला ८८० होत्या. नंदुरबारात, जिथं रस्ता नाही, तिथं ९४४. धुळ्यात ८९८. केळी, कापूस, सोनं, शिक्षण सगळं जिथं आहे, तिथंच मुली कमी. गर्भलिंगनिदान बंदीचा १९९४ चा कायदा कागदावर होता आणि सोनोग्राफीचं मशीन तालुक्यातालुक्याला.

दुष्काळ नव्हता, मानमोडी नव्हती. जन्म कमी झाले म्हणून आनंद मानताना, ते कोणाचे कमी झाले हेही बघा. घरटी दोन मुलं ठरली आणि त्यात एक तरी मुलगा हवाच हे मात्र कोणी सोडलं नाही. मला तीन नणंदा, सगळ्यांना एकेक मुलगा. मधल्या काळात त्या दोन-तीन दिवस माहेरी येऊन झोपून असायच्या. का, ते आता कळतं. कोणी बोललं नाही. आज त्याच घरांत पोरगा पस्तिशीचा झालाय आणि स्थळं शोधायला दुसऱ्या राज्यात जातायत.

त्या बाडात निदान 'मुलगी' असं लिहिलेलं तरी आहे.

खापराची_पुरी | मंगळवार, रात्री ११:३०

अक्का. काही लिहिता येत नाहीये.

भुसावळ_जंक्शन | बुधवार, सकाळी ९:२०

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून आहे. २०२१ ची राहून गेली, त्यामुळे २०११ नंतर सोळा वर्षांचं आपलं पान कोरं आहे. मोजणीला येणारे आपलेच शिक्षक असतील. दारात आले की घाईत वाटेला लावू नका, घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय नीट सांगा. सुरतवासीभाऊ, तुम्ही उधन्यात मोजले जाल, पण जन्मस्थान विचारलं तर पारोळा सांगा. कुठून कुठं किती माणसं गेली ते त्यावरूनच निघतं.

बोरीकाठ | गुरुवार, रात्री १०:०५

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज पुन्हा रेकॉर्ड रूमला गेलो होतो.

आधी १९१९ चं बाड पाहिलं. जन्माची पानं जवळजवळ रिकामी. जूनमध्ये तर एकच नोंद. जन्म द्यायच्या वयाचीच माणसं गेली होती.

मग पुरीताईंचं नावांविषयीचं डोक्यात होतं म्हणून मागं गेलो. पणजोबांच्या नावाखाली १९१४ ला एक मुलगा, दुसऱ्या वर्षी मयत, कारण देवी. १९१६ ला एक मुलगी, आठव्या दिवशी मयत, कारण लिहिलेलं नाही. या दोघांविषयी आमच्या घरात कोणी कधी बोललेलं मी ऐकलं नाही. वडिलांना फोन केला, त्यांनाही माहीत नव्हतं.

१९२१, आषाढ. पणजोबांना मुलगा. ते माझे आजोबा, नव्वद वर्षं जगले. नाव दगडू. मला ते नाव शाळेत सांगायला लाज वाटायची, दाखल्यावर बापाच्या पुढं आजोबांचं नाव लिहायची वेळ आली की मी नुसतं आद्याक्षर घालायचो. ताई, आज मोडीच्या काकांनी ते अक्षर बोटानं दाखवलं तेव्हा त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दाखल्याला लागणारी नोंद मिळाली, नक्कल सोमवारी. पोरीला सगळी पानं दाखवली. तिनं त्या चार महिन्यांच्या पोरीची ओळ स्वतःच्या वहीत उतरवून घेतली, तारखेसकट.

काका पुढच्या गुरुवारी यायला तयार आहेत. छपन्याचं, १९०० चं बाड अजून उघडलेलं नाही. त्याला वाळवी लागली आहे, पण मधली पानं शाबूत दिसतात. कोणाला मोडी येत असेल आणि अमळनेरला यायला जमत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.